बॅटरीवरच्या पाच रात्री

“एकसुद्धा रात्र चुकलेली नाही,” नर्स कर्स्टी म्हणाली आणि तिने पडदा मर्डोकडे वळवला. “वादळात सगळ्या खोऱ्याची वीज पाच दिवस गेली होती. तिकडच्या प्रत्येक पेशंटच्या आलेखात तेवढ्या रात्री कोऱ्या आहेत. तुमच्याच नाहीत. केलंत तरी काय?”

“बॅटरी,” मर्डो गेडिस म्हणाला आणि खुर्चीत जरा ऐसपैस बसला.

मग त्याने सगळं रंगवून सांगितलं. गेल्या हिवाळ्यात तीन रात्री चुकल्या होत्या आणि खुलासे लिहिता लिहिता नाकी नऊ आले होते. म्हणून ही विटेएवढी बॅटरी घेतली. वादळात रस्त्यांवर पाइनची झाडं आडवी झाली, पण गावच्या हॉलमध्ये जनरेटर होता. तिथे सूप मिळायचं आणि बॅटरीही भरून मिळायची. झोपताना लावायच्या श्वासाच्या मशीनमधलं, हवा ओलसर ठेवणारं पाणी तापवणं बंद ठेवलं की ती सकाळपर्यंत पुरायची. वादळाशी आपण एकट्याने दोन हात केले, अशा थाटात तो बोलत होता. कर्स्टी हसत होती. बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला, आइल्सालाही ते हसू ऐकू गेलं असेल.

मर्डोचा सगळा जीव त्या आलेखात अडकला होता. झोपेत त्याचा श्वास थांबतो, हे दोन वर्षांपूर्वी कळलं. तो बस चालवायचा, सव्वीस वर्षं एकाच मार्गावर. झोपेत श्वास थांबणारा माणूस दिवसा स्टिअरिंगवर डुलकी घेणार, असं परवाना कार्यालयाचं सरळ म्हणणं. रोज रात्री निदान चार तास मशीनचा मास्क लावायचा, मशीनमधलं कार्ड वर्षातून एकदा इथे दाखवायचं, कागदावर नर्सची सही घ्यायची. सही नाही तर बस नाही. आणि बसशिवाय आपण कोण, हे मर्डोला ठाऊक नव्हतं.

कर्स्टीने सही ठोकली. कागद त्याच्यासमोर ठेवता ठेवता तिची नजर पुन्हा पडद्याकडे गेली आणि तिचं हसू मावळलं. तिने त्या पाच रात्री मोठ्या करून पाहिल्या. एकामागून एक.

“एरवी मास्क साडेचार तासांनी निघतो. नियमापुरता,” ती म्हणाली. “या पाच रात्री मात्र तो उजाडेपर्यंत लावलेला आहे. म्हणून हे दिसलं.”

श्वासाची रेघ हळूहळू चढत होती, तशीच उतरत होती, मग सपाट होत होती. पुन्हा चढत होती. पहाटेपर्यंत हेच. घसा मिटला तर मशीन तो उघडतं, तिने समजावलं. इथे घसा उघडाच आहे आणि श्वासच थांबतोय. हृदय थकलं की बहुतेकदा असं होतं.

“आजच दाखवायला हवं, मर्डो. उद्या नाही.”

मर्डोच्या पायाखालची जमीन सरकली. तो फक्त एका सहीसाठी आला होता.

ती एकेक विचारत गेली. उशा वाढल्यात का? वाढल्या होत्या, नाताळच्या आधीच दोनच्या तीन झाल्या होत्या. चढावर दम लागतो का? हॉलपासून घर जेमतेम तीनशे पावलं, तरी बॅटरी आणताना वाटेत दोनदा ती कुंपणाच्या भिंतीवर टेकवावी लागली होती. त्यावरून घरात थट्टाही झाली होती. संध्याकाळी बूट घट्ट होतात का? होतात. मास्क काढल्यावर छाती जड वाटते का?

“हो,” मर्डो म्हणाला. “लावला की बरं वाटतं. बॅटरी वाहून आणल्यावर छाती जास्तच जड व्हायची, म्हणूनच तर सकाळपर्यंत...” सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं आणि त्याने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

कर्स्टीने खालच्या मजल्यावर फोन करून डॉक्टरांना थांबायला सांगितलं. मग तिने त्याला बूट-मोजे काढायला लावले आणि खाली वाकून घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. पुन्हा दाबला. दुसरा पायही पाहिला. घोटे हडकुळे होते, लाकडासारखे कोरडे. कुठे खळगा पडला नाही.

“सूज अजिबात नाही,” ती चक्रावून म्हणाली. “बूटही चांगले सैल आहेत तुमचे. मशीनचंच काही चुकलं असेल. तपासणी नीट आली, तर हा कागद लगेच पाठवून देऊ.”

तपासणी नीट येणार होती. दोष मशीनवर जाणार होता आणि सोमवारी सकाळी मर्डो आपल्या बसमध्ये असणार होता. तोंड मिटून बसायचं, एवढंच काम होतं. त्याला ते लख्ख दिसलं आणि आपल्याला ते दिसलं याचीच त्याला शिसारी आली. त्याने सही केलेला कागद उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

“हे पाय माझे आहेत, पोरी,” तो म्हणाला. “श्वास माझा नाही. मला तो मास्क तोंडावर सहन होत नाही. दोन वर्षं माझ्या जागी माझी बायको तो लावून झोपतेय. बाहेर बसलीय ती, तिला आधी आत घे.”