पावणेदोन तास

"बाई, गोल गोल बोलू नका," म्हातारी डॉक्टरणीला म्हणाली. "शिवण उसवलीय की कापडच गेलंय, तेवढं सांगा."

शिलाईच्या दुकानातून उठून आली होती, ती तशीच. गळ्यातली मापाची पट्टीही काढायची राहिली होती. काचेपलीकडे तिचा धाकटा मुलगा झोपल्यासारखा पडला होता. छाती वरखाली होत होती, पण ती यंत्राच्या जिवावर. मोटारसायकल घसरली, डोकं दगडावर आपटलं. अंगावर दुसरा ओरखडा नाही.

"कापडच गेलंय, मावशी," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "मेंदू दोनदा तपासला. हृदय तेवढं चांगलं आहे. तुम्ही हो म्हणालात, तर दुसऱ्या कुणाला जगवेल. चारच्या विमानानं पाठवावं लागेल. त्यानंतर आज विमान नाही, आणि उद्यापर्यंत ह्यांचं शरीर तग धरणार नाही."

"कुठं पाठवणार?"

डॉक्टरणीनं शहराचं नाव घेतलं. म्हातारीनं चमकून लेकीकडं पाहिलं. थोरला तिथंच राहायचा.

लेक भिंतीला टेकून त्याच्याशीच फोनवर बोलत होती. "आई, दादाला तिकडून चारच्या विमानाचं तिकीट मिळालंय. विमानतळावरच बसलाय. म्हणतोय, मी येईपर्यंत काही करू नका."

म्हातारीनं फोन ओढून घेतला.

"आई, पावणेदोन तास लागतात गं फक्त." थोरला रडत होता. "तेवढं थांब. हात ऊन आहे तोवर एकदा हातात घेऊ दे मला त्याचा. भांडलो ते भांडलो, पुन्हा बोललोच नाही मी त्याच्याशी."

"पावणेदोन तासच लागतात होय रे? मग तीन वर्षं कुठल्या वाटेनं येत होतास?"

पलीकडून कुठल्याशा विमानाची घोषणा तेवढी ऐकू आली. तिनं फोन लेकीच्या हातात कोंबला.

"ज्याला हे बसवणार, त्याचं कोण आहे?" तिनं डॉक्टरणीला विचारलं.

"नाव सांगता येत नाही, मावशी. घरचे सगळे वाट बघत बसलेत, एवढं सांगते."

"वाट बघणं काय असतं ते मला नका सांगू."

ती आत गेली. धाकट्याचा हात उचलला. ऊन होता. सवयीनं तिची बोटं मनगटाभोवती फिरली, बाहीचं माप घेतल्यासारखी. गेल्या महिन्यात नवा शर्ट शिवला होता, तेवढंच भरलं. हात तिनं पुन्हा चादरीखाली नीट ठेवला, कडा सारखी केली आणि बाहेर आली.

"आणा तो कागद."

एकेक अक्षर टाका घातल्यासारखं ओढून तिनं सही केली. लेक हुंदका दाबत म्हणाली, "दादाला काय सांगू आता?"

"तू नको. मी सांगते."

फोन चालूच होता.

"ऐकतोयस ना रे?" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "चारला तोही निघतोय इकडून. तुझ्याच गावाला. खिडकीची जागा मागून घे."