निळ्या पट्टीची डिस्क

सुमितनं दुसरी हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लावली, उघडली, आणि ती रिकामी निघाली.

त्यानं ती काढून पुन्हा लावली. मशीन बंद करून चालू केलं. रिकामीच. पहिली डिस्क तर त्यानं दहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या हातानं फॉर्मॅट केलेली. म्हणजे कोपरीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आता दोन डिस्क होत्या, दोन्ही काळ्या, एकाच कंपनीच्या, आणि दोन्हींत मिळून चांगदेव आजोबांचं एकही गाणं नव्हतं.

बेत साधा होता. सुमित घरातच गाणी रेकॉर्ड करायचा. त्यानं नवं मशीन घेतलं, पण आजोबांची जुनी डिस्क त्यावर नुसती वाचता यायची, तिच्यात काही भरता यायचं नाही. म्हणून तशीच एक नवी आणायची, फॉर्मॅट करायची, आजोबांची एकतीस गाणी तिच्यात उतरवायची आणि मगच जुनीला हात लावायचा. चाळीस वर्षं जयंतीला गायलेली ती गाणी कॅसेटवरून डिस्कवर आलेली. दुसरी कॉपी कुठंच नव्हती. आजोबांना जाऊन सहा वर्षं झालेली.

जुनी डिस्क मंजुळाआजीच्या ट्रंकेत असायची. आजी चौथी नापास, पण त्या घरात सुईसुद्धा तिला विचारून हलायची. नवीही तिनंच मागवून घेतली आणि दोन्ही डिस्क सुमितच्या हातात दिल्या. जुनीवर स्वतः निळी चिकटपट्टी लावलेली. "निळी ती ह्यांची. तिला काही झालं तर तुलाच फॉर्मॅट करीन," म्हणाली, आणि पिशवी उचलून आठ दिवसांसाठी डोंबिवलीला लेकीकडे, हेमांगीकडे गेली. जयंतीच्या आदल्या दिवशी परतणार होती. दुसऱ्या दिवशी विहाराच्या पटांगणात आजोबांची गाणी लागायची होती.

सुमितनं बिनपट्टीची फॉर्मॅट केली. पट्टीवाली रिकामी निघाली. म्हणजे आजीनं पट्टी चुकीच्या डिस्कला लावली.

आता हे आजीला सांगणार कोण? ह्या घरात आजीची चूक कधी झालीच नव्हती. एकदा तिनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलेलं, तर सगळ्यांनी तो चहा गप पिऊन छान झालाय म्हणून सांगितलेलं. शिवाय उघडून न बघता फॉर्मॅट केली, तो गाढवपणा सुमितचाच.

तो माजिवड्याला गेला. तिथं पुसलेला डेटा काढून देणारा एक दुकानदार होता. त्यानं दोन्ही डिस्क दिवसभर तपासल्या आणि परत दिल्या. एक गाणं सोड, गाण्याचा तुकडासुद्धा सापडत नाही म्हणाला. फारच नीट पुसलंय.

घरी आल्यावर सुमितनं आईबापाला सगळं सांगितलं. माया, त्याची आई, कपाळाला हात लावून बसली. बाप प्रशांत भिंतीकडे बघत राहिला.

प्रशांत एके काळी चांगदेवांच्या मागं बसून कोरस धरायचा. ते गेल्यावर पहिल्याच जयंतीला तो पुढं बसला. दुसऱ्या कडव्याला गर्दीतून कोणीतरी म्हणालं, बापाची सर नाही. प्रशांत गाणं अर्धं टाकून उठला, हार्मोनियम माळ्यावर गेली, आणि तेव्हापासून हा माणूस आंघोळ करतानासुद्धा गुणगुणला नव्हता. आजीनं टोमणे मारून पाहिले, आठवडाभर अबोला धरून पाहिला. भिंत बरी.

मायानं कपाळावरचा हात काढला. मग म्हणाली, "फोनवर तुम्ही हॅलो म्हणालात की सासूबाई अजून दचकतात. तुम्हीच गा."

"आईला फसवायचं?"

"मग खरं सांगा. मी भाच्याकडे विठ्ठलवाडीला जाऊन बसते."

दोन दिवस तो नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढला.

खिडक्यांना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. एप्रिलची दुपार, माणसं भट्टीत बसल्यासारखी. शेजारचा उत्तम ढोलकीला आला, माया टाळ्यांना. एकतीसच्या एकतीस गाणी प्रशांतला तोंडपाठ निघाली. पहिली दोन त्यानं बापाची नक्कल करत, घाबरत गायली. पाचव्याला उत्तमला लय चुकली म्हणून झापलं. दहाव्याला तर आपण लबाडी करतोय हेच विसरला. ठीक झालेलं गाणंसुद्धा पुन्हा घ्यायला लावायचा. दारात शेजारपाजारचे लोक जमायला लागले. सुमितनं मागून कॅसेटची खरखर घातली, आणि आजोबा खोकायचे म्हणून चौथ्या गाण्याआधी एक खोकलाही.

सातव्या संध्याकाळी सुमितनं निळ्या पट्टीचीही फॉर्मॅट केली आणि सगळी गाणी तिच्यावर गेली. एक कॉपी दुसरीवर. ह्या वेळी सुमितनं दोन्ही चारदा उघडून बघितल्या.

आठव्या दिवशी आजी आली. चहासुद्धा न घेता खुर्चीत बसली, पदरावरून हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. प्रशांत दारात उभा, एक पाय चपलेत.

पहिलं गाणं संपलं.

"तिसऱ्या कडव्याला हे दम खायचे," आजी म्हणाली.

"आवाज साफ केला, आजी," सुमित म्हणाला.

"बरं. लाव पुढचं."

चौथं संपल्यावर तिनं एक डोळा उघडला. "आणि खोकला तेवढा ठेवलास होय?"

सुमितनं पाचवं लावलं. आजीनं एकतीसही गाणी ऐकली. मध्ये दोनदा चहा मागितला, एकदा चष्मा पुसला, घाम आला म्हणाली. शेवटी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, प्रशांतकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि सुमितला हेमांगीला फोन लावायला सांगितलं.

प्रशांतनं दुसरी चप्पलही घातली.

"हेमा," आजी फोनवर म्हणाली, "उद्या येताना तुझ्या कपाटातली बापाची डिस्क घेऊन ये. तुझा भाऊ गायला."