बावीस अंश

“यापेक्षा आमची मेजाखालची शेगडी बरी. चार निखारे टाकले की पाय गरम. ना पुस्तक वाचायला लागत, ना शिडी चढायला लागत,” दोन मोज्यांवर तिसरा मोजा चढवत अर्मिंदा पुटपुटली. माळ्यावर ऐकू जाईल इतपतच.

“आई, दम धर जरा! बघतोय ना मी?” वरून रोजेरियु ओरडला.

पाच दिवस तो बघतच होता. दक्षिणेतलं एवोरा गाव सोडून पोरगा हॉलंडात आला तो यंत्रांच्या जिवावर. दुधाच्या कारखान्यात बिघडलेलं यंत्र तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. आणि घरचा बॉयलर मात्र त्याला दाद देत नव्हता. घर भाड्याचं, माहितीपुस्तक डच भाषेत, गरम पाण्याच्या नळ्या फरशीखाली गाडलेल्या. बाकी सगळं घर कोमट. नेमकी बाळाची खोली गार. भिंतीवरच्या तापमानाच्या डबीत चोवीस लावा नाहीतर अठ्ठावीस, खोली सोळाच्या वर सरकत नव्हती.

बेनेदिता अजून इस्पितळातच होती. दिवस भरायच्या नऊ आठवडे आधी जन्मलेली पोर आता कुठे दोन किलो भरली होती. नर्सने स्पष्ट सांगितलं होतं, खोली एक अख्खा दिवस बावीस अंशांवर राहिली की कळवा आणि लेकीला घेऊन जा. पण मंगळवारच्या आत. मंगळवारी तिची खाट दुसऱ्या बाळाला लागणार होती, मग तिला गाडीत घालून तासाभरावरच्या इस्पितळात हलवणार होते.

सून इल्दा फारसं बोलत नसे. बाळाची झबली धुवायची, इस्त्री करायची, घड्या मोडून परत इस्त्री करायची. अर्मिंदाने ते पाहिलं होतं. सुनेला विचारायचं ओठांवर यायचं आणि ती सूप ढवळायला वळायची.

शनिवारी शेजारचा हार्म आला. चाळीस वर्षं नळजोडणी केलेला माणूस. त्याने बॉयलरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ जिन्याखालचं कपाट उघडलं, व्हॅक्यूम क्लीनर बाहेर ओढला आणि गुडघ्यांवर बसला. आत नळ्यांचा जुडगा होता. त्यावर आठ छोटे कॉक ओळीने, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने खोलीचं नाव. सात उघडे, धुळीने माखलेले. आठवा, बाळाच्या खोलीचा, घट्ट आवळलेला. त्यावर धुळीचा कणही नव्हता.

“आधीच्या भाडेकरूचं काम असेल,” रोजेरियु म्हणाला.

हार्मने खांदे उडवले आणि कॉक सोडला. “आता दोन दिवस कुणी कशाला हात लावायचा नाही,” त्याने इल्दाला बजावलं. “जमीन आहे ही, गॅसची शेगडी नाही. आज फिरवाल ते उद्या पायाला कळेल. तुम्ही दक्षिणेकडची माणसं, तासाभरात डबी फिरवायला धावता.”

इल्दाने ते सासूला आपल्या भाषेत उलगडून सांगितलं. अर्मिंदा म्हणाली, “त्याला सांग, आम्हांला ऊन फुकट मिळतं. वाट बघायची सवय नाही.” हार्म हसला. इल्दाही हसली. कित्येक दिवसांनी.

रविवारी चर्चमधून आल्यावर अर्मिंदा मोजे काढून बाळाच्या खोलीत गेली. फरशी बर्फ.

तिने जिन्याखालचं कपाट उघडलं. आठवा कॉक घट्ट आवळलेला होता.

ती आणि रोजेरियु चर्चमध्ये होते. घरात इल्दा एकटी होती. बिचारी घाबरली असेल, अर्मिंदाने मनात म्हटलं. कॉक सोडला, व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा जागेवर लावला आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. सोमवारी उठल्याबरोबर परत जाऊन पाहिलं. कॉक परत बंद.

न्याहारीला तिघं बसलेली असताना फोन वाजला. इस्पितळाचा. रोजेरियुने उचलला.

“नाही, अजून नाही,” तो म्हणाला. “बॉयलरचं काही कळतच नाहीये. हलवायचं असेल तर हलवा. आमचा इलाज नाही.”

फोन ठेवून त्याने पावाला लोणी लावायला घेतलं. लावतच राहिला.

अर्मिंदाने खुर्ची सुनेजवळ ओढली. आता गप्प राहिलं तर उद्या पोर दुसऱ्या गावी जाणार होती.

“इल्दा, पोरी,” ती हळूच म्हणाली, “बॉयलर ठणठणीत आहे. तो जिन्याखालचा कॉक कुणीतरी रोज बंद करतंय. मी दोनदा बघितलं. घाबरली असशील तर सांग ना सरळ. मी काय खाणार आहे तुला?”

इल्दाने कप खाली ठेवला. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग लालबुंद झाला.

“मी? मी बंद करते? अर्मिंदाबाई, दोन महिने मी माझ्या पोरीला काचेतून बघतेय. मला ती आज हवीय. आत्ता हवीय! ते कपाट मी उघडलेलं नाही. शनिवारनंतर एकदाही नाही!”

अर्मिंदा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की टेबलाच्या त्या टोकाला कुणीच काही बोललेलं नाही. कुठला कॉक, कोण बंद करतंय, काहीच विचारलेलं नाही.

दोघी एकदमच वळल्या.

रोजेरियुने सुरी खाली ठेवली.

“तिथे इस्पितळात तिचा श्वास अडला की यंत्र बोंबलतं, आई. चार जणी धावत येतात. मी बघितलंय, दोनदा. इथे मला झोप लागली तर?”