बाहेरची कडी

आधीचे दोन्ही अल्बम ऋचाने घसा फाडून किंचाळत काढले होते, त्यामुळे त्यांतला एक शब्दही घरात कोणाला कळला नव्हता. तिसऱ्यात तिचा पोस्ट-हार्डकोर, म्हणजे आरडाओरड्याच्या रॉकचा, बँड जाणता झाला. तिचा आवाज शांत, स्वच्छ झाला. रांझीतल्या घरच्या क्वार्टरमध्ये बाबांनी हौसेने हेडफोन चढवले. लहानपणी बाबा तिला न्हाणीत कोंडून बाहेरून कडी लावायचे. पहिलंच गाणं त्या कडीचं होतं.

बोटांनी धरलेला बाबांचा ठेका थांबला. तिची नजर आपसूक न्हाणीच्या दाराकडे गेली.

बाबांनी हेडफोन काढले. "आधी पण हेच गाऊन राहिली होती तू?"

"हो, बाबा."

"अन् मी दाराबाहेरून ओरडायचो, आवाज कमी कर म्हणून."