व्हर्नाच्या नावावरचं पुस्तक

लायब्ररीवाल्या डॉटीने पुस्तक टेबलावर ठेवलं. "व्हर्नाच्या उशाशी होतं. तिची मुलगी सकाळी परत करून गेली."

आयडाने ते लगेच ओळखलं. तिचाच पहिला कवितासंग्रह. वडिलांची दारू, आईचा मार, सगळं त्यात होतं. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तेव्हा लिहिलं होतं की बाईंनी दुःखाला फार तिखटमीठ लावलंय. तेवढ्याने काही आयडा मेली नसती. पण नेब्रास्कातल्या या गावी एक बातमीदार येऊन पोचला आणि सख्ख्या बहिणीने, व्हर्नाने, त्याला दारातच सांगितलं, "असलं काही आमच्या घरात घडलंच नाही." ते छापून आलं. पुढे दोन मोठी पारितोषिकं मिळाली, तरी आयडावरच्या प्रत्येक लेखात ते वाक्य ठाण मांडून बसलेलं असायचंच. दोघी बहिणी बावीस वर्षं बोलल्या नाहीत. काल व्हर्नाला अखेरचा निरोप देताना आयडा चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसली होती.

"तू घरची लक्तरं वेशीवर टांगलीस, असं म्हणायची ती," डॉटी म्हणाली. "आणि हे बघ." तिने पुस्तकामागच्या खिशातलं कार्ड काढलं. वरपासून खालपर्यंत एकच नाव. "अशी कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये ढीगभर आहेत. दर तीन आठवड्यांनी यायची, शिक्का मारून घ्यायची, पुस्तक परत घरी. गावात प्रत एवढी एकच. मी म्हटलं, अगं, दुसऱ्या कुणाला वाचू देशील की नाही? तर म्हणाली, दुसऱ्यांना काय करायचंय!"

"म्हणजे मरेपर्यंत दाबून ठेवलं." आयडाचा आवाज चिरकला. "समीक्षक बरे. ते निदान वाचून शिव्या द्यायचे."

"उघडून तर बघ."

समासात पेन्सिलीचं बारीक, तिरपं अक्षर होतं. 'कोट निळा नव्हता, हिरवा.' 'मांजर मेलं ते नंतर, नाताळात.' 'बाबांनी ताट नाही, बिडाचा तवा फेकला.'

तवाच होता. आयडानेच ताट लिहिलं होतं, कारण तवा कुणाला खरा वाटला नसता. तिला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. आत्ता, या क्षणी तिला बहीण हवी होती. भांडायला का होईना.

शेवटची कविता तवा फेकला त्याच रात्रीची. 'दाराआड, अंधारात, एकटी.' शेवटच्या शब्दाखाली रेघ होती, कागद फाटेल इतकी दाबून ओढलेली. शेजारी लिहिलं होतं, 'एकटी नव्हतीस.'

आयडाने हात पुढे केला. "पेन्सिल दे."

"लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं गं," डॉटी म्हणाली आणि कानावरची पेन्सिल काढून दिली.

आयडाने 'एकटी' खोडलं. वर लिहिलं, 'दोघी'.