शिकलं कोण?

शहराचं सरासरी शिक्षण वर्षभरात एवढं वाढलं, की आकडेवारी खात्यात केक आला. केकवर काजळी बसायला नको म्हणून साहेबांनी जळक्या गिरणीकडची खिडकी लावून घेतली.

"माणसं शिकली, की शहराची भरभराट झालीच म्हणून समजा!" ते म्हणाले. सुरी उचलता उचलता मात्र थबकले आणि सरासरी काढणाऱ्या मुलीकडे वळले. "पण काय गं, नवी शाळा एक निघाली नाही, आहेत त्या शाळांना मास्तर नाहीत. मग एवढं शिकलं तरी कोण?"

मुलीनं हातातली बशी टेबलावर ठेवली.



"कुणीच नाही, साहेब. गिरणीच्या आगीत न शिकलेली माणसं कमी झाली. त्यात माझी आई होती."