कोरी पाटी

लग्न नवीन होतं, दारावरची ॲल्युमिनियमची पाटी जुनी. पहिली बायको आजारपणात गेली, एवढं नवऱ्याने हिला लग्नाआधीच सांगितलं होतं. तिचं नाव त्याने घरीच घासून सपाट केलं होतं. आता तिथे हिचं नाव ठोकून वर ॲनोडायझिंगचा पक्का सोनेरी रंग चढवून घ्यायला दोघं कारागिराकडे आले होते.

"घासलंय, पण कमी घासलंय," कारागीर हातमोजे चढवत म्हणाला. "अक्षर ठोकलं की खालचा धातूसुद्धा दबतो. वरून गुळगुळीत लागतं, पण कॉस्टिक सोड्याच्या टाकीत घातलं की दबलेलं सगळं उठून दिसतं. मग रंग चढल्यावर माझ्या नावाने बोंब. म्हणून मी आधी बुडवून बघतो."

"बघा की," बायको हसली. "ताईंचं नाव दिसलं तर दिसलं. मला काही त्यांचं वावडं नाही."

कारागिराने पाटी बुडवली, धुतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ताईंचं नाव खरंच वर आलं होतं. आणि त्या अक्षरांच्या मधून, त्याहून पुसट, आणखी एका बाईचं.

"अहो, ही कोण?"

नवरा कारागिराकडे वळला. "पुन्हा घासून जाईल ना?"

"जाईल की. पाटी चांगली जाड आहे. अजून तीन-चार नावं सहज निघतील."

"जाड बघूनच घेतली होती," नवरा म्हणाला.